तिसऱ्या माळ्यावर वार कुठे पुरायची?

चाळकरी

माझा जन्म १९६१चा, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला. चाळीतला म्हणजे खरोखर खोलीतलाच. तिसरा माळा, जिन्यापासून चौथं दार. आईचं ते बाळंतपण आजीने केलं, म्हणजे वडिलांच्या आईने. माझ्या आधीच्या दोन बहिणींच्या वेळीही तीच होती. आमच्या माळ्यावर वीस खोल्या. तिचा हात लागलेलं एखादं तरी मूल नाही असं घर शोधावं लागलं असतं.

आजी सातारकडची. सुईणपणावर तिचं पोट नव्हतं. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात कांड्या भरायची. सुईणपण गावी सासूच्या मागे मागे फिरून शिकलेली.

खोली १६० चौरस फुटांची, माणसं आम्ही नऊ. कुणाला कळा सुरू झाल्या की बाप्ये गॅलरीत, नाहीतर वळकट्या घेऊन खाली फुटपाथवर. पोरं शेजारच्या खोलीत. दोरीवर आडवं लुगडं टाकलं की मोरीकडचा भाग बाळंतिणीचा. स्टोव्हवर मोठं पातेलं. बाई उकिडवी बसायची आणि खिडकीचे गज धरायची. आमच्या खिडकीच्या मधल्या दोन गजांवर रंग कधी टिकलाच नाही.

आजी येताना दोन वस्तू आणायची. एक पत्र्याचा डबा. त्यात दाढीची कोरी पत्ती, खोबरेलाची बाटली आणि पांढऱ्या सुताची कांडी. सूत गिरणीतलंच. नाळ बांधायच्या आधी ते पातेल्यात उकळून घ्यायची. दुसरी वस्तू म्हणजे सूप, आणि सुपात तांदूळ. बाळंतपणाला तांदूळ कशाला, हे मला कळायचं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "हात मोकळं असलं की वळवळत्यात. बाईच्या अंगाशी काय तरी करावंसं वाटतं. म्हणून म्या तांदूळ निवडती." रात्र रात्र ती त्या बाईशेजारी बसून खडे काढायची. मधेच पोटावर पालथा हात ठेवायची, दोन शब्द बोलायची, परत सुपाकडे.

थांबायचं किती, याचा तिचा हिशेब गिरणीच्या भोंग्यावर होता. पाणी जाऊन दुसरा भोंगा झाला आणि मूल खाली सरकत नसलं, तर ती सूप बाजूला ठेवायची आणि बाहेर गॅलरीत येऊन सांगायची, "गाडी बघा. वाडियात न्या." मग कुणी काही बोललं तरी ऐकायची नाही.

हे सगळं आठवलं, कारण चाळींचा पुनर्विकास चाललाय, जमिनी खणल्या जाताहेत, आणि परवा सहज मनात आलं. गावी वार, म्हणजे बाळामागून पडणारी नाळेची गादी, परसात पुरतात. खोल खड्डा, कुत्र्याने उकरू नये म्हणून वर दगड. आमच्याकडे तिसऱ्या माळ्यावर कसलं परस? खाली तर फरसबंदी. एका चाळीत ८० खोल्या, वर्षाला किती बाळंतपणं होत असतील. त्या सगळ्या वारा गेल्या कुठे? आईला विचारलं. ती आता ८४ वर्षांची आहे, स्मरण पक्कं आहे. ती म्हणाली, "तुला काय करायचंय आता?" आणि उठून आत गेली.

इथे गिरणगावातली बरीच मंडळी आहेत. कुणाच्या घरी यावर कधी बोलणं झालंय का?

शेवंती

माझं आजोळ वरळीच्या चाळीत. मावशीच्या वेळचं मला आठवतं, मी सहा-सात वर्षांची असेन. मडक्यात घालून, वर हळद आणि मूठभर मीठ, तोंडाला फडकं. मामा आणि आणखी एक जण रात्री समुद्रावर घेऊन गेले. आम्हा मुलांना सांगितलं होतं, "मडक्यात देव आहे, बघायचं नाही." मी पाहिलं होतं. म्हणून लक्षात राहिलं.

तुमच्या आजीचा तांदूळ निवडण्याचा प्रकार वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः नर्स होते, ३१ वर्षं. कळा देणाऱ्या बाईजवळ काही न करता बसणं ही सगळ्यात अवघड ड्युटी.

इतिहासवेडा

चांगला धागा. थोडी पार्श्वभूमी देतो.

१९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर १००० जन्मांमागे ६६७ बालमृत्यू होते. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा ८२८ होता. वाचून धडकी भरते. पण हे आकडे तसेच्या तसे घेऊ नयेत असं माझं मत आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद, झालीच तर, रत्नागिरी-साताऱ्यात. मूल दोन-तीन महिन्यांचं करून परत आल्या आणि ते इथे गेलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. शिवाय घरी झालेल्या जन्माची वर्दी द्यायला कोण जातंय? तरीही खोली जितकी लहान तितकी मुलं जास्त मरत होती, हे नाकारता येत नाही.

सरकारने त्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टरना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला नेमलं होतं. दहा बाय दहाच्या अंधाऱ्या खोलीत, धुरात, चिंध्यांवर होणारी बाळंतपणं त्यांनी पाहिली. अफूचं प्रमाण पाहून तर त्या हादरल्या होत्या. कामावर जाणारी आई बाळाला बाळगोळी देऊन निजवायची, संध्याकाळपर्यंत ते हूं का चूं करायचं नाही.

आणि चाळकरी, तुमच्या रस्त्याचं आजचं नाव ज्यांच्यावरून आहे त्या ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं होतं. ते फेटाळलं गेलं. नंतर मुंबई प्रांताच्या कौन्सिलात असं विधेयक आलं तेव्हा १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून हा भार बऱ्याच अंशी सरकारनेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला, देशातला असा पहिला. भार पडला तो मालकांवरच. भत्ता दिवसाला ८ आणे.

परळला केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ची. म्हणजे तुमच्या आजीच्या काळात हाकेच्या अंतरावर दवाखाना होता. तरी बायका खोलीतच बाळंत होत होत्या, याचा विचार करायला हवा.

चाळकरी

@इतिहासवेडा, मनापासून आभार. ८ आण्यांचं आजीकडून ऐकलंय! माझ्या मोठ्या काकांच्या वेळी तिला तो भत्ता मिळाला होता. ती म्हणायची, "पैसं मिळालं, पण मग बाया कमी करायला लागलं." वाइंडिंगमधल्या कितीतरी जणी पुढच्या काही वर्षांत घरी बसल्या.

दवाखाना जवळ असून बायका का जात नव्हत्या, ते आमच्या घरापुरतं सांगतो. घरात धाकटी चार पोरं. बाई दहा दिवस खाटेवर गेली तर त्यांना कोण बघणार? नवरा पाळीला. नळाला पाणी पहाटे. घरी बाळंत झालं तर निदान पडल्या पडल्या "भात उतरव गं" असं मोठीला सांगता येतं. दुसरं म्हणजे लाज. डॉक्टर बाप्या असेल का, ही धास्ती. आणि दवाखान्यात जाणं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असाच समज.

वेंगुर्लेकर

आमच्यात पहिलटकरीण मुंबईत ठेवायचीच नाहीत. सातव्यात ओटी भरली की भाऊच्या धक्क्यावरून बोटीने माहेरी. माझ्या वडिलांना माझ्या जन्माची बातमी पोस्टकार्डाने कळली, अकरा दिवसांनी. तोवर तिथे पाचवी होऊन बारशाची तयारी चालली होती. मी चार महिन्यांचा झालो तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं, धक्क्यावरच.

अनघा_लालबाग

बराच वेळ लिहू की नको करत होते. लिहितेच.

माझ्या आईचं पहिलं मूल, मुलगा, चाळीतच झाला. १९५८ साल. सुईण चांगल्या नावाची होती, वयस्कर. नाळ तिने दाढीच्याच पत्तीने कापली, घरात पडलेल्या. वर चुलीची राख दाबली, जखम सुकावी म्हणून. सहाव्या दिवसापर्यंत बाळ छान होतं. सातव्या दिवशी सकाळी अंगावर घ्यायला गेली तर तोंडच उघडेना. जबडा घट्ट. संध्याकाळी कुणी भांडं आपटलं तरी अंग कमानीसारखं वाकायचं. आठव्या दिवशी गेलं. सगळ्यांनी सांगितलं, सटवीने नेलं. ती सुईणही बसून रडली म्हणे.

आई आता नाही. मुलं किती, असं कुणी विचारलं की ती कायम "पाच" सांगायची. आम्ही चार आहोत.

चाळकरी, तुमच्या आजीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण "पूर्वी कसं सगळं घरच्या घरी, नैसर्गिक व्हायचं" असं कौतुक हल्ली वाचायला मिळतं, त्याने फार त्रास होतो. त्या घरच्या घरीमध्ये माझा भाऊ गेला.

शेवंती

अनघाताई, तुमच्या आईने पाच सांगितले ते बरोबरच सांगितले.

निवृत्त_वैद्य

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. सरकारी आणि पालिकेच्या नोकरीत आयुष्य गेलं, निवृत्तीला अठरा वर्षं झाली. अनघाताईंनी लिहिलं तो नवजाताचा धनुर्वात. वर्णन इतकं नेमकं आहे की शंकेला जागा नाही.

त्याचे बीजाणू मातीत, धुळीत, शेणात असतात. नाळेच्या ओल्या जखमेतून शिरतात आणि बहुधा पाचव्या-सहाव्या दिवसानंतर लक्षणं दिसू लागतात. आपल्याकडे पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहिते म्हणतात, बाळ-बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत, रात्रभर दिवा ठेवतात. माझं स्वतःचं मत असं की, याच दिवसांत मुलं हातची जाताना पिढ्यान्पिढ्या बायकांनी पाहिलं होतं. धोक्याची वेळ त्यांनी अचूक हेरली होती, कारण मात्र हाती लागलं नव्हतं.

आता चाळकरींच्या आजीचा डबा बघा. कोरी पत्ती, उकळलेलं सूत. बीजाणू चिवट असतात, साध्या उकळण्याने सगळे मरतातच असं नाही. पण पत्ती कोरी असणं आणि नाळेवर काही न लावणं, यांनी धोका पुष्कळ उतरतो. चाळकरी, त्या नाळेवर काय लावायच्या? विचारून सांगा.

सुईणींबद्दल एकच एक मत देता येत नाही, कारण सुईण हा एकच प्रकार नव्हता. मी अशा पाहिल्या आहेत की ज्या कळा कमी पडल्या म्हणून पोटावर गुडघा देत, वार येत नाही म्हणून नाळ ओढत, आत हात घालत. अशा केसेस आमच्याकडे येत तेव्हा बाईचं अंग तापाने फणफणलेलं असे, नाहीतर रक्त जाऊन ती पांढरीफटक पडलेली असे. आणि अशाही पाहिल्या की ज्यांच्या हाताला आडवं मूल आमच्याआधी कळायचं. वार पडत नसली की बाईच्याच वेणीचं टोक तिच्या तोंडात घालून उमासे आणायच्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण पोटाचे स्नायू आवळतात आणि सुटलेली वार बाहेर येते. नाळ ओढण्यापेक्षा शतपटीने बरं.

एक गोष्ट आम्ही तरुणपणी हसण्यावारी नेली. मूल रडलं नाही की काही सुईणी नाळ कापायच्या नाहीत, जोडलेली वार तशीच ठेवून तिला शेक द्यायच्या. शेकाने काही होत असेल असं मला वाटत नाही. पण नाळ न कापता थांबल्याने वारेतलं रक्त बाळाला मिळत राहतं. जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की नाळ निदान एक मिनिट तरी आवळू नये. आमच्या वेळी बाळ बाहेर आलं रे आलं की चिमटा लावायचा, हा शिरस्ता होता.

शेवटी सुईणीच्या हातात नसलेल्या गोष्टी. अडलेल्या बाईला पोट उघडून सोडवणं, रक्त चढवणं, सल्फा आणि पेनिसिलिन. यांनी आया वाचल्या. जेरुशा झिराद या कामा हॉस्पिटलच्या पहिल्या भारतीय मुख्य डॉक्टर. आपल्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. मुंबईत आया कशाने मरतात याची त्यांनी १९३०च्या दशकात तपासणी केली होती. आमच्या शिक्षकांची पिढी त्यांना फार मानायची. धनुर्वाताला खरी मात दिली ती गरोदर बाईला देण्याच्या लसीने. आई आणि नवजाताच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं आपल्या देशात २०१५ साली जाहीर झालं. १९५८ ते २०१५. अनघाताई, ही लस तुमच्या आईला मिळायला हवी होती.

प्राजक्त

छोटीशी भर. भोंग्याचं वाचून आठवलं. आत्याची जन्मवेळ पत्रिका करताना आजीने "पहिल्या भोंग्यानंतर, दूधवाला यायच्या आत" अशी सांगितली होती. ज्योतिषाने त्यावर पत्रिका केली. जन्मतारीख शाळेत १ जून लागली, ती वेगळीच.

निळाईत

चाळकरी, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याकडे आहे. समुद्र किंवा परस, एवढ्यावर ते संपत नाही.

माझी पणजी वरळीच्या चाळींमध्ये बाळंतपणं करायची. आम्ही तेव्हाचे महार. तिचा हात हलका म्हणून लांबून बोलावणं यायचं. रात्री दोनला दार वाजलं की ती उठायची. बाई अडलेली असेपर्यंत ती त्या घरात कुठेही बसू शकायची. चुलीशेजारीसुद्धा. मूल झालं, नाळ कापली, बाळाला अंघोळ घालून आईजवळ दिलं, की मग तिचा चहा गॅलरीत यायचा. त्यासाठी दांडी तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. तो कप ती परत यायची तेव्हा स्वतः विसळून ठेवायची.

आणि वार तिनेच न्यायची. वार, भिजलेल्या चिंध्या, खोलीतली सगळी घाण. हे बोलून ठरवलेलं नसायचंच, ते धरलेलंच असायचं. मूल सोडवणं हे तिचं कसब होतं. घाण उचलणं हे तिच्या जातीचं काम म्हणून तिच्या गळ्यात होतं. खण, नारळ आणि तांदूळ मिळायचे ते कशाबद्दल, हे देणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

बाबासाहेब गेले तेव्हा ७ डिसेंबर १९५६ला दादर चौपाटीवर हजारोंनी दीक्षा घेतली. पणजी त्या गर्दीत होती. त्यानंतरही तिने सुईणपण सोडलं नाही. पण नवीन घरी बोलावणं आलं की ती उंबऱ्यावर उभी राहून आधी सांगायची: "मूल मी सोडवीन. वार तुमची तुम्ही पुरा." काही घरांनी त्यावर दुसरी सुईण बघितली. काही घरी पहिल्यांदाच बाप्यांनी मडकं उचललं. शेवंतीताई, तुमचे मामा समुद्रावर गेले होते, हे वाचून मला बरं वाटलं.

चाळकरी, राग मानू नका. तुमच्या आजीने तांदूळ निवडत रात्र काढली हे मोठंच आहे. पण तुमच्या आईला परत विचारा. "कुठे" असं विचारू नका. "कोण" असं विचारा.

शेवंती

निळाईत, त्या कपाबद्दल वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मामांना तेव्हा कुणी पाठवलं, ते आता विचारायलाही कुणी उरलं नाही. आमच्या घरी कोण सुईण आली होती, हेही मला माहीत नाही.

चाळकरी

चार दिवस लागले. लिहितो.

आईला काल दुपारी विचारलं, निळाईत म्हणाल्या तसंच. आधी ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणून म्हटलं होतं, तुला काय करायचंय."

वैद्यकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. आजी नाळेवर काहीच लावायची नाही. तिच्या स्वतःच्या पहिल्या मुलीच्या वेळी सासूने शेणाची राख लावली होती. ती मुलगी नवव्या दिवशी गेली. ही आत्या आम्हाला ठाऊकच नव्हती. तेव्हापासून आजी म्हणायची, "उघडं ठेवा, वारं लागू द्या." कारण तिला माहीत नव्हतं, तिने नुसतं सोडून दिलं. अनघाताई, हे तुमच्यासाठीही लिहितोय.

डबा आईकडेच आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर. मी खाली काढला. पत्तीची रिकामी पाकिटं आहेत आणि सुताची कांडी आहे, अर्धी संपलेली. ओढून पाहिलं, अजून तुटत नाही.

आता वार. आजीने एकही पुरली नाही. आम्ही मराठे, आजीने मूल सोडवलेलं चालायचं, वार उचललेली चालायची नाही. संडास साफ करायला पालिकेची एक बाई यायची, तिला निरोप जायचा. ती मागच्या जिन्याने वर यायची, पत्र्याची बादली घेऊन. वर राखेचा थर द्यायची आणि घेऊन जायची. तिला एक जुनं लुगडं आणि चार आणे. माझ्या वेळी आठ आणे दिले, मुलगा झाला म्हणून. ती ते कुठे न्यायची, हे आईने कधी विचारलं नाही. आजीनेही नाही. ऐंशी खोल्यांत कुणीही नाही.

मी आईला त्या बाईचं नाव विचारलं. तिने बराच वेळ डोळे मिटून आठवून पाहिलं. नाव आठवेना. म्हणाली, ती दाराच्या आत कधी यायची नाही, हाकही मारायची नाही. बादली खाली ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मग बाहेरून ती एवढंच म्हणायची, "द्या."